दळण कुणाचं, पीठ कुणाचं? : ऑनलाइन गेममधल्या ‘ग्राइंड’चा अभ्यास

या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी असा एक शब्द निवडला आहे, जो आपल्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. पण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तो रोज कानावर पडतो. तो शब्द म्हणजे ‘ग्राइंड’. “काल रात्री दोनपर्यंत ग्राइंड केलं, तरी पास पूर्ण झाला नाही.” “यार, आता हा गेम राहिलाच नाही, नुसतं ग्राइंड आहे.” अशी वाक्यं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बोललेली किंवा ऐकलेली आहेत. घरातली मोठी माणसं त्यावर एकच उत्तर देतात : “मग खेळू नकोस ना!”

हे उत्तर सोपं आहे, पण ते प्रश्नाला हात घालत नाही. जो माणूस कंटाळला आहे, तोच रात्री दोनपर्यंत का बसतो? त्याची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, तेव्हा सुरुवात शब्दापासूनच करू.

शब्द समजून घेऊ

इंग्रजीत ग्राइंड म्हणजे दळणं. गंमत अशी की मराठीतही हीच प्रतिमा आधीपासून आहे. कुणी तेच तेच बोलायला लागलं की आपण म्हणतो, “पुन्हा तेच दळण नको.” म्हणजे जात्याभोवती फिरणारा हात आणि संपता न संपणारं काम ही कल्पना दोन्ही भाषांना वेगवेगळी सुचली.

गेमच्या संदर्भात त्याची व्याख्या अशी करता येईल : एखादी वस्तू, पात्र किंवा वरची पातळी मिळवण्यासाठी अशी कृती पुन्हा पुन्हा करणं, जिच्यात आता नवीन शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नेटमध्ये तोच कव्हर ड्राइव्ह शंभर वेळा मारणं म्हणजे सराव, कारण शंभरावा फटका पहिल्यापेक्षा बरा बसतो. गेममधलं तेच मिशन शंभराव्यांदा मारताना हात शिकत नाहीत, फक्त आकडा वाढतो.

दुसरा शब्द ‘एक्स्पान्शन’, म्हणजे मूळ गेमला जोडून पैसे देऊन घ्यायचा पुढचा भाग. त्याचीच धाकटी भावंडं म्हणजे ठरावीक मुदतीचा ‘पास’ आणि ‘टॉप-अप’. पास विकत घेतला तरी बक्षिसं लगेच मिळत नाहीत. ती मिळवण्यासाठी मुदतीत ठरावीक कामं पूर्ण करावी लागतात. म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग त्याच पैशांसाठी दळत बसायचं.

चाळीस तासांचा हिशेब

या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१७ चं आहे. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा गेम त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजारात येत होता. तो फुकटचा गेम नव्हता. पूर्ण किंमत मोजून घ्यायचा होता. तरीही त्यातली डार्थ व्हेडरसारखी प्रसिद्ध पात्रं कुलपात होती. व्हेडरसाठी ६०,००० क्रेडिट लागत. आधी खेळायला मिळालेल्या लोकांनी हिशेब मांडला, तो साधारण ४० तासांचा निघाला.

आपण भागाकार करू. ६०,००० भागिले ४० म्हणजे तासाला १,५०० क्रेडिट. कॉलेज, क्लास आणि घर सांभाळून रोज दोन तास मिळणाऱ्या मुलाला एका पात्रासाठी वीस दिवस लागले असते. कंपनीने यावर दिलेलं स्पष्टीकरण असं होतं की मेहनतीने पात्र उघडलं की खेळाडूला अभिमान वाटेल. या स्पष्टीकरणावर लोक इतके चिडले की त्याला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतर घडली. काही तासांतच व्हेडरची किंमत ६०,००० वरून १५,००० वर आली, म्हणजे ७५ टक्के कमी झाली. गेम सर्वांसाठी खुला व्हायच्या तोंडावर पैसे देऊन वस्तू घेण्याची सोयही बंद करण्यात आली. आता विचार करा. चाळीस तासांची मेहनत जर खरंच गेमच्या स्वभावातून आली असती, तर ती अशी एका दिवसात दहा तासांवर आली असती का? डोंगराची उंची तक्रार केली म्हणून कमी होत नाही. ही उंची कुणीतरी टेबलाशी बसून ठरवली होती, आणि ठरवणाऱ्याकडेच शॉर्टकट विकायला होता.

जात्यावरचं दळण आणि ओवी

इथे कुणी विचारेल, पुनरावृत्ती इतकी वाईट असते का? मुळीच नाही. आपल्या भाषेतलं एक मोठं दालन पुनरावृत्तीतूनच उभं राहिलं आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आपल्यापैकी ज्यांची मुळं खान्देशात आहेत, त्यांना बहिणाबाई चौधरींची गोष्ट माहीत असेलच. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटावर आणि शेतात काम करता करता बहिणाबाई रचत गेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघालं. जपमाळ ओढणाऱ्याला किंवा हरिपाठ म्हणणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा तेच शब्द म्हणण्याचा वीट येत नाही.

पण म्हणून जात्याचं काम सुखाचं होतं असं समजू नका. ते कष्टाचंच होतं आणि पिठाची गिरणी गावात आल्यावर बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. मुद्दा वेगळा आहे. त्या कष्टात तीन गोष्टी होत्या. एक, पीठ दिसत होतं आणि त्याची भाकरी घरातल्यांच्या ताटात पडत होती. दोन, मन मोकळं होतं, म्हणून गाणं सुचत होतं. तीन, जात्याचा दगड मुद्दाम जड करून मग हलका दगड विकायला दारात कुणी बसलेलं नव्हतं.

गेममधल्या ग्राइंडमध्ये नेमक्या या तीन गोष्टी डळमळतात. मिळालेली वस्तू कंपनीच्या सर्व्हरवर असते, आपल्या हातात नाही. मन मोकळं नसतं, कारण स्क्रीनवर मुदतीचं घड्याळ टिकटिकत असतं. आणि तिसरी गोष्ट तर वर पाहिलीच. आपल्या म्हणींत याला चपखल शब्द आहेत : आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. खेळाडूची निराशा आळसातून येते, हा समज म्हणूनच मला पटत नाही. कष्टाला तो तयार असतो. त्याला खुपतं ते हे, की दळण त्याचं आणि पीठ मात्र दुसऱ्याचं.

सुरतेतले दोन ‘डायमंड’

हा विषय सुरतेत बसून लिहिताना एक योगायोग डोळ्यांआड करता येत नाही. ‘फ्री फायर’ या गेममध्ये पैशांनी विकत घ्यायच्या चलनाचं नाव आहे ‘डायमंड’. आणि आपल्या वराछा, कतारगाममध्ये खरे हिरे घासले जातात. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू याच शहरात पडतात. कारखान्यात ज्या फिरत्या चकतीवर हिरा धरतात, तिला इथे ‘घंटी’ म्हणतात, आणि गुजरातीत घंटी म्हणजे जातंच! कारागिराला रोजगार बहुधा नगावर मिळतो. कापडाच्या लूमवर तो मीटरवर मोजतात. लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या मराठी घरांना हा हिशेब कुणी शिकवायला नको : किती नग झाले, किती मीटर निघालं, किती पैसे झाले.

अशा घरातला मुलगा मोबाइलवर ‘डायमंड’साठी टॉप-अप मारतो, तेव्हा दोन हिशेब समोरासमोर येतात. घरातला हिशेब सांगतो की तासाला किंमत आहे. गेम सांगतो की तुझ्या तासाला किंमत नाही. पण तो तास वाचवायचा असेल तर त्याची किंमत द्यावी लागेल. हे वाक्य पुन्हा वाचून बघा. तुम्ही दळत बसलात तर त्या वेळेचे पैसे कुणी देणार नाही. न दळता पुढे जायचं असेल, तर मात्र तीच वेळ तुम्हाला विकत घ्यावी लागते, तीसुद्धा ज्याने ती खर्ची घातली त्याच्याकडून.

त्यात नशिबाची भर पडते. बक्षीस प्रत्येक वेळी न देता मधूनमधून, अनपेक्षितपणे दिलं, तर कृती थांबवणं कठीण जातं, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. गेममधल्या पेट्या आणि फिरती चक्रं याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा विकत घ्यायच्या पेट्यांना जुगार ठरवलं, ते याचमुळे.

विकत घेतलेला पुढचा भाग

आता एक्स्पान्शनकडे वळू. इथे दोन प्रकारची निराशा दिसते आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली, जुन्या मेहनतीची किंमत शून्य होण्याची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला. त्यात सर्वोच्च पातळी ६० होती आणि चाळीस-चाळीस जणांनी मिळून, महिनोन् महिने झुंजून, जांभळ्या नावाची दुर्मीळ शस्त्रं मिळवली. जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रूसेड’ हे पहिलं एक्स्पान्शन आलं आणि पातळी ७० झाली. नव्या प्रदेशात साध्या कामांसाठी मिळणारी हिरव्या नावाची वस्तूही बऱ्याचदा त्या जुन्या जांभळ्या शस्त्राला मागे टाकू लागली. नवा भाग चांगला होता, लोकांनी तो आवडीने खेळला. तरीही जुन्या खेळाडूंच्या मनात एक प्रश्न राहिला : मग आपण एवढं दळलं कशासाठी?

दुसरी निराशा, पैसे देऊन घेतलेलीच गोष्ट काढून घेतली जाण्याची. ‘डेस्टिनी २’ हा गेम २०१७ मध्ये आला. त्याची मूळ कथा आणि पहिली दोन विकतची एक्स्पान्शन्स १० नोव्हेंबर २०२० रोजी गेममधून काढून ‘व्हॉल्ट’मध्ये ठेवण्यात आली. गेम फार मोठा झाला आहे, तो सांभाळणं कठीण आहे, हे कंपनीचं कारण होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य असेलही. पण आपण विकत घेतलेलं पुस्तक प्रकाशकाने कपाटातून परत नेलं तर कसं वाटेल? २०२२ मध्ये कंपनीने यापुढे एक्स्पान्शन्स काढून घेणार नसल्याचं जाहीर केलं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. ‘द विचर ३’ या गेमचं ‘ब्लड अँड वाइन’ हे एक्स्पान्शन २०१६ मध्ये आलं. तेही विकतचंच होतं. पण त्यात नवा प्रदेश, नवी माणसं आणि स्वतःची पूर्ण कथा होती, आणि लोकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ घ्या. एकदा किंमत मोजा, कथा खेळा, संपवा. म्हणजे पैसे मागण्यात पाप नाही. लेखक कादंबरीचा दुसरा भाग विकतो, तेव्हा आपण तक्रार करत नाही. पहिल्या भागातली पानं मुद्दाम चिकटवून ठेवली आणि ती सोडवायला चाकू विकला, तर करू.

कंपनीची बाजू

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालवायला, चोरट्या खेळाडूंना पकडायला, नवे नकाशे बनवायला रोज खर्च येतो. फुकट गेममुळेच साध्या मोबाइलवर, एक रुपया न देता, लाखो मुलं खेळू शकतात. हजारो रुपयांचा गेम त्यांना कधीच घेता आला नसता. काहीजण पैसे देतात म्हणून बाकीच्यांना फुकट मिळतं. शिवाय काहींना ग्राइंड खरोखर आवडतं. परीक्षेच्या दिवसांत डोक्याला ताण न देणारं, हात चालवणारं काहीतरी हवं असतं, जसं कुणी स्वेटर विणतं किंवा शेंगा सोलतं.

हे सगळं खरं आहे. पण यातून एवढंच सिद्ध होतं की गेमने पैसे मिळवले पाहिजेत. ते कंटाळ्यातूनच मिळवले पाहिजेत, हे सिद्ध होत नाही. आपली जुनी सापशिडी आठवा. मोक्षपट या तिच्या रूपाचं नातं परंपरेने ज्ञानदेवांशी जोडलं जातं. पट विकत मिळो किंवा फुकट, सगळ्यांना साप तेच आणि शिड्या त्याच. पट बनवणाऱ्यानेच शिड्यांची विक्री सुरू केली, तर पुढच्या पटावर साप वाढतील की कमी होतील? उत्तर सांगायची गरज नाही. कंपनीतली माणसं वाईट असण्याचीही गरज नाही. व्यवहाराची रचनाच त्यांना त्या बाजूला ओढत नेते.

बंदीने सुटेल का?

आपल्या राज्याने या प्रश्नावर बंदीचा मार्ग फार लवकर धरला होता. जानेवारी २०१९ मध्ये गुजरातच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांत ‘पबजी’ला मनाई करणारं परिपत्रक काढलं. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात बंदी घातली आणि खेळणाऱ्या काही कॉलेज विद्यार्थ्यांना अटकही झाली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ गेलं. ‘पबजी’च्या जागी जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आलं, ते जुलै २०२२ मध्ये थांबलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. परतताना अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा आली.

या निर्णयांची कारणं वेगवेगळी होती : कुठे मुलांचा अभ्यास आणि वागणूक, कुठे देशाची सुरक्षा. खेळाडूला न्याय्य वागणूक मिळते का, हा प्रश्न त्यांत जवळपास नव्हताच. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ वेगळे काढले. त्याची मुख्य रेषा पैसे पणाला लावले की नाही, इथे आहे. ज्या गेममध्ये पैसे फक्त जातात, परत येण्याची आशाच नसते, तिथलं दळण त्या रेषेपलीकडे राहतं. तासांची मर्यादाही पुरी पडत नाही. तीन तासच खेळा म्हटलं तरी त्या तीन तासांत किती दळायचं, हे कंपनीच ठरवते.

“मग सोडून दे” हे घरातलं उत्तरही म्हणूनच अपुरं आहे. गेम एकट्याने सोडणं सोपं असतं. पण त्यात चौघांची टीम असते. गावी गेलेला मित्र, दुसऱ्या कॉलेजात गेलेली मैत्रीण, पुण्यातला चुलत भाऊ यांची भेट रात्री दहाला तिथेच होते. मैत्री आणि दळण एकाच अंगणात असल्यावर दळण सोडताना मैत्रीचा हात सुटण्याची भीती वाटते. या भीतीचाही हिशेब कुणीतरी करत असतं, हे ओळखून असावं. चौघांनी मिळून दुसरा गेम निवडला, तर मात्र ती भीती बरीच कमी होते.

वाचक म्हणून आपण काय करू शकतो

कविता वाचताना आपण विचारतो, ही ओळ पुन्हा का आली? तिने अर्थ वाढवला का? हीच सवय गेमला लावायची. पुढच्या वेळी टॉप-अपच्या बटणावर बोट जाण्याआधी, किंवा “आणखी एकच मिशन” म्हणण्याआधी, हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. या पुनरावृत्तीतून माझं कौशल्य वाढतंय, की फक्त आकडा?
२. हे काम इतकं लांब कुणी ठरवलं, आणि ते लांब असल्याने फायदा कुणाचा होतो?
३. मी विकत घेतोय ती नवी गोष्ट आहे, की जुन्या कंटाळ्यातून सुटका?
४. आज मिळवलेलं उद्या माझ्याकडे राहील का?

चारही उत्तरं मनासारखी आली, तर खुशाल खेळा, पैसेही द्या. चांगलं काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा. उत्तरं तशी आली नाहीत, तर निदान आपण कशाला वैतागलो आहोत त्याला नाव मिळेल, आणि नाव मिळालं की चिडचिड कमी होऊन विचार सुरू होतो.

मंडळाच्या पुढच्या चर्चासत्रासाठी दोन विषय सुचवते. पहिला : ज्यांच्याकडे जुन्या ओव्या म्हणणारी आजी किंवा मावशी आहे, त्यांनी तिला विचारून यावं की दळताना मनात काय चालायचं, आणि ते आपल्या ग्राइंडशी ताडून पाहावं. दुसरा : ‘ग्राइंड’, ‘लूट’, ‘टॉप-अप’ या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधताना आपण कोणती प्रतिमा निवडतो, आणि त्या प्रतिमेबरोबर कोणता न्याय किंवा अन्याय आपल्या भाषेत येतो? दळण या एका शब्दाने आपल्याला जात्यापर्यंत आणि घंटीपर्यंत नेलं. बाकीचे शब्द कुठे नेतात, ते सगळ्यांनी मिळून पाहू.